अस्वलांच्या मुलखात व्हॅन घेऊन निघताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही, तुमचे यजमान, अकरा वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं कॅनडातल्या कॅलगरीहून कॅम्परव्हॅन भाड्याने घेणार. बॅन्फ, लेक लुईस, तिथून आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरातल्या महामार्गाने जॅस्पर आणि परत, असा नऊ दिवसांचा फेरा. रोज एखादा ट्रेल करायचा मानस आहे, पण घरच्यांनी अस्वलांची धास्ती घेतली आहे. घंटा घ्यावी की मिरचीचा स्प्रे, व्हॅनमध्ये फोडणी दिली तर चालेल का, आणि अस्वल समोर आलंच तर करायचं काय, असं तुम्ही विचारलंत.

जरूर या. मी अठरा वर्षं कॅलगरीत राहते आणि मे ते ऑक्टोबर बहुतेक शनिवार-रविवार माणसं घेऊन याच डोंगरांत चालते. त्यात आजीही असतात आणि पाचवी-सहावीतली मुलंही. अस्वलं मी बरीच पाहिली आहेत, पण स्प्रेची खीळ काढायची वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही. तुम्ही तिन्ही प्रश्न एका दमात विचारलेत. त्यातला फोडणीचा प्रश्न तुम्हाला बहुधा सगळ्यात किरकोळ वाटला असेल. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही येताय तो अस्वलांचा खाण्याचा हंगाम आहे. नोव्हेंबरच्या सुमाराला ती गुहेत शिरतात आणि वसंतापर्यंत काही खात नाहीत, त्यामुळे सगळी चरबी जुलै ते ऑक्टोबर या काळातच साठवावी लागते. इथे बफेलोबेरी नावाचं झुडूप आहे. कमरेइतकं उंच, पानं वरून हिरवी आणि खालून चंदेरी, त्यावर तांबूस ठिपके, आणि फांदीला चिकटून लालभडक मण्यांसारखी फळं. चव कडवट. पाण्यात घोटली तर साबणासारखा फेस येतो. ही फळं साधारण जुलैच्या मध्यापासून पिकतात आणि मोठं ग्रिझली अस्वल (इथल्या दोन जातींतली थोराड जात, दुसरी काळ्या अस्वलांची) दिवसाला दोन लाखांपर्यंत फळं खातं. दिवसभर मान खाली घालून ओरबाडत राहायचं, एवढंच त्याचं काम. अशा वेळी त्याला माणसात काडीचाही रस नसतो. माणसाच्या डब्यात मात्र तूप, साखर, दाणे असतात. दोन लाख फळांची मेहनत एका डब्यात मिळते हे अस्वलाला एकदा कळलं की ते विसरत नाही.

एकदा माणसाचं अन्न चाखलेलं अस्वल पुन्हा तिथेच येतं, मग धीट होतं, मग गाड्यांची दारं उचकटायला लागतं. शेवटी त्याला पकडून दूर सोडावं लागतं, आणि तरी परतलं तर मारावं लागतं. संपूर्ण बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात ग्रिझली आहेत जेमतेम साठ-पासष्ट. मादी सहा-सात वर्षांची झाल्याशिवाय व्यायला लागत नाही आणि दोन वेतांत तीन-चार वर्षं जातात. त्यामुळे एक मादी गेली तरी ती उणीव भरून यायला कित्येक वर्षं लागतात. अल्बर्टा या इथल्या प्रांतात ग्रिझलीला २०१० पासून संकटग्रस्त मानलं जातं. तुमच्या ओट्यावरचं उघडं भांडं तुमच्या जिवाला जेवढं धोक्याचं, त्याहून जास्त त्या जनावराच्या जिवाला, हे मनात धरूनच पुढचं वाचा.

तर व्हॅन. बुकिंग करण्याआधी तिचं छप्पर बघा. काही व्हॅनचं छप्पर वर उघडतं आणि बाजूंना कापड असतं. अशी गाडी कापडी भिंतींची धरली जाते. लेक लुईसला दोन वेगळी कॅम्पग्राउंड आहेत. एक टणक भिंतींच्या गाड्यांसाठी, आणि दुसरं तंबू नि कापडी भिंतींच्या गाड्यांसाठी. या दुसऱ्याला चहूबाजूंनी विजेचं कुंपण आहे, कारण बो नदीकाठचा तो पट्टा ग्रिझलींच्या नेहमीच्या वावरातला आहे. गाडी एका प्रकारची आणि बुकिंग दुसऱ्या जागेचं, असं झालं तर संध्याकाळी दारातून परत जावं लागेल, आणि ऑगस्टमध्ये दुसरी जागा मिळणं जवळपास अशक्य. ट्रेलच्या पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला रात्र काढायला उद्यानात परवानगी नाही, म्हणून रोजच्या मुक्कामाची जागा आधीच ठरलेली हवी.

फोडणी व्हॅनमध्ये दिली तर चालते. जिरं-मोहरीच्या वासाने अस्वल पत्रा फोडून आत येत नाही. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, भांडी आत गेली, दारं-खिडक्या बंद झाल्या, की टणक भिंतींची गाडी ही अन्न ठेवायची मान्य जागा आहे. घोळ होतो तो गाडीबाहेर. संध्याकाळी आपण टेबल मांडतो, चहा होतो, चिवड्याची पिशवी उघडी राहते, कोणी फोटो काढायला नदीवर जातं, कोणी आंघोळीला. दहा मिनिटं टेबलाजवळ कोणीच नाही. इथला नियम असा की जागेवर माणूस नसेल किंवा झोपायची वेळ असेल, तर वास येणारी एकही वस्तू बाहेर नको. कूलर, स्टोव्ह, रिकामी भांडी, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, कुत्र्याचं ताटलं, टूथपेस्ट, खोबरेल तेल, सनस्क्रीन, सगळं गाडीत. कूलर बंद आहे म्हणून चालत नाही. त्याच्या झाकणाचा अस्वलाला काही अडसर नाही.

पहिल्या वर्षी मीच यात चुकले होते. कुकरला वरण-भात झाला होता. कुकर विसळून ते पाणी मी जागेमागच्या झुडपात ओतलं, आपण गावाकडे अळूच्या वाफ्यात ओततो तसं. आणि तुपाचा डबा टेबलावर ठेवून नळावर गेले. परत आले तर टेबल रिकामं आणि तुपाच्या डब्याच्या जागी एक चिठ्ठी. डबा कर्मचाऱ्यांनी उचलून नेला होता, कार्यालयातून घेऊन जा असं लिहिलं होतं. तिथल्या मुलीने मला रागावून नाही, पण अगदी शांतपणे सांगितलं, की दोन जागा सोडून ज्या कुटुंबाचा तंबू आहे त्यांची मुलं आज रात्री तुमच्या वरणाच्या पाण्यापासून वीस पावलांवर झोपणार आहेत. ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची, खरकटं आणि कागद कचऱ्यात, मग धुणं. भांड्यांचं पाणी बारीक चाळणीतून गाळून व्हॅनच्या सांडपाण्याच्या टाकीत, आणि टाकी रिकामी करायची ती ठरवून दिलेल्या डंप स्टेशनवरच. बाहेरच्या जमिनीवर एक थेंब नाही.

कचरापेट्या इथे लोखंडी असतात आणि पहिल्यांदा कोणालाही उघडत नाहीत. हँडलवर एक टोपी असते. त्या टोपीच्या आत बोटं सरकवायची, आतली कळ वर दाबायची आणि मग झाकण ओढायचं. अस्वलाचा पंजा त्या खाचेत जात नाही, एवढीच युक्ती. पेटी भरलेली असेल तर पिशवी शेजारी ठेवून निघायचं नाही. दुसरी पेटी शोधायची किंवा पिशवी गाडीत परत.

सासूबाईंशी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. आपल्या घरांत जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवायची रीत असते, पाखरांना दाणे टाकायची असते. इथे टेबलापाशी ‘ग्रे जे’ नावाचे राखाडी पक्षी आणि जमिनीतल्या खारी अगदी पायाशी येतात आणि कोणाच्याही हाताला देण्याचा मोह होतो. माळशेजला माकडांना केळी देणारे आपण, आपल्याला यात वावगं वाटत नाही. पण इथे कुठल्याही वन्य प्राण्याला खायला देणं गुन्हा आहे आणि राष्ट्रीय उद्यानात दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. खारीसाठी टाकलेले दाणे रात्री कोण येऊन खातं, हे आपल्या हातात नसतं. माझ्या आईला मी सांगितलं, की इथे तुझा घास म्हणजे त्यांना विष आहे. ती लगेच समजली. नऊ दिवस नैवेद्य गाडीतच दाखवला आणि आम्हीच खाल्ला.

आता चालण्याकडे येऊ.

घंटा घेऊ नका. दुकानात मिळतात, दिसतात छान, पण त्यांचा आवाज बारीक असतो, वळणापलीकडे पोचत नाही आणि अस्वलाला त्यातून माणूस कळत नाही. त्याला ओळखू येतो तो माणसाचा आवाज. अस्वलाचे बहुतेक हल्ले दचकल्यामुळे होतात. तुम्ही वळणावरून अचानक दहा पावलांवर उगवलात, वारा तुमच्याकडे येणारा, त्यामुळे वास लागला नाही, शेजारून ओढा खळाळतोय म्हणून पावलं ऐकू आली नाहीत, आणि त्याच्यामागे पिल्लू आहे. हे चारही एकत्र आले की वाईट. म्हणून ओढ्याकाठी, दाट झुडपांत, वळणाआधी, चढाचा माथा ओलांडताना आणि वारा समोरून असेल तेव्हा मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा, आरोळी द्या. सह्याद्रीत चाललेल्यांना हे सांगावं लागत नाही. आमच्या गटात मुलं भेंड्या खेळतात, आणि बफेलोबेरीच्या पट्ट्यातून जाताना मी मुद्दाम भांडणाचा विषय काढते, म्हणजे सगळे तावातावाने बोलतात. मोकळ्या माळावर, जिथे चारी बाजूंनी लांबवर दिसतं, तिथे गप्प राहिलात तरी चालेल. कानात गाणी मात्र कुठेच नकोत.

लेकीला पुढे पळू देऊ नका. मुलं उतारावर धावतात, हा त्यांचा स्वभाव. तिच्या पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक, हा नेम शेवटपर्यंत पाळा. आणि गट फुटू देऊ नका. कॅल्गरी विद्यापीठातले स्टीफन हेरेरो यांनी आयुष्यभर अस्वलांच्या हल्ल्यांचाच अभ्यास केला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९०० ते २००९ या काळातले काळ्या अस्वलांचे प्राणघातक हल्ले तपासले, तर ६३ माणसं गेली होती, आणि दहातले नऊ हल्ले एकट्यादुकट्यावर किंवा दोघांवर झाले होते. एकशे दहा वर्षांत, सगळ्या उत्तर अमेरिकेत मिळून ६३. हा आकडा घरच्यांना जरूर सांगा. त्याचबरोबर हेही सांगते, कारण लपवणं बरोबर नाही: सप्टेंबर २०२३ मध्ये बॅन्फच्याच रेड डिअर नदीच्या खोऱ्यात, रस्त्यापासून फार आत, एका अनुभवी जोडप्याचा आणि त्यांच्या कुत्र्याचा ग्रिझलीने जीव घेतला. त्यांच्याकडे स्प्रे होता आणि तो वापरलाही गेला होता. धोका शून्यावर येत नाही. तो फार लहान करता येतो.

गटाच्या बाबतीत तुम्हाला एक पेच पडेल. मोरेन लेकच्या वरच्या लार्च व्हॅली, सेंटिनेल पास आणि जवळच्या काही ट्रेलवर हंगामात कायद्याने किमान चार जणांचा, एकमेकांना धरून चालणारा गट लागतो. तुम्ही चौघं आहात, पण सासूबाई खाली थांबल्या तर उरता तिघं. त्यावर इथली रीत सोपी आहे. ट्रेलच्या तोंडाशी उभं राहा, दुसरं कोणी जोडपं येतंच, विचारा, एकत्र निघा. फक्त वर पोचल्यावर त्यांना सोडून पुढे जायचं नाही, येतानाही सोबतच यायचं. मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत, त्यामुळे व्हॅन खाली ठेवून शटलनेच जावं लागेल. शटलचं आरक्षणही आधी करा. सासूबाई तळ्याकाठी निवांत बसू शकतात, तिथे दिवसभर माणसांचा राबता असतो.

ट्रेल सुरू होतो तिथला फलक वाचल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. पिवळा फलक म्हणजे या भागात अस्वल वावरतंय, सावध राहा. लाल म्हणजे बंद. लाल असेल तर तिथून मागे फिरायचं, ‘थोडंसंच आत जाऊन येऊ’ नाही. लांबून विमानाने आलोय, पुन्हा येणं होणार नाही, हे मला समजतं. पण आत बहुधा मेलेलं जनावर पडलेलं असतं आणि त्यावर ग्रिझली बसलेलं असतं. शिकारीवर बसलेल्या अस्वलाइतकं धोकादायक दुसरं काही नाही. म्हणूनच वाटेत कुजका वास आला किंवा कावळ्यांसारखे मोठे काळे रेव्हन पक्षी एका जागी घिरट्या घालताना दिसले, तर फलक नसला तरी परत फिरा.

बाकीच्या खुणा वाचायला शिका, चालण्याची मजाच त्याने वाढते. या दिवसांतली अस्वलाची विष्ठा ओळखायला अगदी सोपी. वाटेच्या मधोमध, लालसर, जॅमची बरणी उपडी झाल्यासारखी, आणि त्यात न पचलेली अख्खी फळं. ताजी असेल तर चकाकते. गवताळ माळावर कुदळीने खणल्यासारखे खड्डे दिसले, माती अजून ओली, ढेकळं एका बाजूला फेकलेली, तर तिथे ग्रिझलीने खारी किंवा कंद उकरलेत. कुजका ओंडका उलटून फोडलेला असेल तर मुंग्यांसाठी.

हेलन लेकच्या वाटेवरची एक सकाळ सांगते. झाडी संपून माळ लागतो तिथे मी सात जणांना घेऊन चालले होते. आधी असे खड्डे दिसले. मी बोटाने माती चाचपली तर आतून गार आणि ओली होती, वर ऊन असूनही. सगळ्यांना जवळ घेतलं आणि जोरात बोलायला लागलो. पुढच्या उंचवट्यावर पोचलो आणि डावीकडच्या उतारावर, शंभरएक मीटरवर, मातकट रंगाचा खांद्याचा उंचवटा गवतातून वर-खाली होताना दिसला. डोकं मातीत होतं. ती ग्रिझली मादी होती. तिने डोकं वर काढलं, मागच्या पायांवर उभी राहिली, नाक वर करून हवा हुंगली. मागे एक पिल्लू होतं, तेही तसंच उभं राहिलं. आमच्यातल्या एकाने हलक्या आवाजात विचारलं, ‘आता येणार का?’ नाही. उभं राहणं म्हणजे हल्ल्याची तयारी नव्हे, ते बघणं असतं. मी हात हळू हलवले, सावकाश बोलत राहिले, सगळे एकत्र मागे सरकत उंचवट्याच्या पलीकडे गेलो. तिने खाली बसून पुन्हा उकरायला सुरुवात केली होती. त्या दिवशी तळं पाहिलं नाही. गाडीपाशी येऊन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

खांद्यावरचा उंचवटा ही ग्रिझलीची खूण. चेहरा मधे खोलगट, कान लहान आणि गोल, नखं बोटभर लांब. काळ्या अस्वलाला उंचवटा नसतो, नाकाची रेघ सरळ, कान मोठे. रंगावर जाऊ नका. काळं अस्वल तपकिरीही असतं, आणि ग्रिझली कधी जवळपास काळंही.

आता स्प्रे. हा मिरचीचा आहे, पण दिल्ली-मुंबईत पर्समध्ये ठेवतात तो नव्हे. अस्वलांसाठीचाच घ्या, कॅनडात मान्यता असलेला, मुदत तपासून. साधारण पन्नास डॉलरला मिळतो, काही दुकानांत भाड्यानेही. विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, म्हणून कॅलगरीत उतरल्यावरच घ्यायचा. दोन घ्या, एक तुमच्या कमरेला आणि एक यजमानांच्या. बॅगेच्या तळाशी ठेवलेला स्प्रे म्हणजे नसलेला स्प्रे. पहिल्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर सराव करा, फवारायचं नाही, फक्त पट्ट्यातून काढायचा आणि अंगठा खिळीवर न्यायचा. न बघता, दोन सेकंदांत, वीस वेळा. हात शिकला पाहिजे, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

फवारा पोचतो साधारण पाच ते दहा मीटर आणि डबा काही सेकंदांत संपतो. म्हणून तीस मीटरवर दिसलेल्या अस्वलावर मारून उपयोग नाही. ते तुमच्याकडे धावत येत असेल तर त्याच्या समोर, किंचित खाली नेम धरून ढग तयार करायचा, म्हणजे ते त्या ढगातून येतं. मग तिथून निघायचं. हा स्प्रे डासांच्या औषधासारखा कपड्यांवर किंवा तंबूवर मारायचा नसतो. दरवर्षी कोणीतरी मारतं. वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलाला उलट बोलावतो. आणि उन्हात तापलेल्या गाडीत, काचेखाली डॅशबोर्डवर ठेवू नका. उष्णतेने डबा फुटतो आणि मग ती व्हॅन तुम्हाला उरलेले दिवस वापरता येणार नाही. सावलीत, टणक डब्यात, लेकीच्या हाताला न लागेल असा ठेवा.

समोर आलंच तर. इथे आपली एक अडचण आहे. आपण सगळ्यांनी लहानपणी ती गोष्ट ऐकली आहे, दोन मित्र आणि अस्वलाची. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडतो, अस्वल हुंगून निघून जातं. ही गोष्ट डोक्यातून काढा. काळं अस्वल तुमच्यापेक्षा सफाईने झाडावर चढतं आणि ग्रिझलीही चढू शकतं. आणि अस्वल दिसताक्षणी जमिनीवर पडणं म्हणजे त्याला जवळ येऊन बघण्याचं आमंत्रण.

दिसलं की थांबा. पळू नका, घोड्याइतक्या वेगाने पळतं ते, चढावरही. लेकीला मागे घ्या, चौघं खेटून उभे राहा. स्प्रे हातात. त्याने पाहिलं नसेल तर गुपचूप आल्या वाटेने परत. पाहिलं असेल तर शांत, खालच्या आवाजात बोलत राहा, मराठीतच बोला, म्हणजे आवाज तुमचा तुम्हाला ओळखीचा वाटेल आणि लेक घाबरणार नाही. डोळ्याला डोळा रोखू नका. हळूहळू मागे सरका. पाठीवरची बॅग टाकू नका, ती कवचासारखी उपयोगी पडते, आणि त्यातलं खाणं अस्वलाला मिळता कामा नये. ते फुत्कारत असेल, दात वाजवत असेल, पंजा जमिनीवर आपटत असेल, तर ते घाबरलेलं आहे आणि तुम्ही फार जवळ आहात. कधी कधी धावत येऊन शेवटच्या क्षणी वळतं. तोपर्यंत जागा सोडायची नाही, टप्प्यात आलं की फवारायचं.

दचकलेल्या किंवा पिल्लू राखणाऱ्या अस्वलाने खरंच अंगाला हात घातला, तेव्हाच आणि फक्त तेव्हाच, मेल्यासारखं पडायचं. पालथं, बॅग पाठीवर, बोटं मानेमागे गुंफलेली, पाय फाकलेले म्हणजे सहज उलथवता येत नाही. ते गेलं असं वाटल्यावरही बराच वेळ तसंच. याउलट एखादं अस्वल आवाज न करता, कान टवकारून, दबकत मागोमाग येत असेल, वाट सोडूनही मागे येत असेल किंवा रात्री तंबूत शिरत असेल, तर ते घाबरलेलं नाही, ते तुमच्याकडे खाणं म्हणून बघतंय. तिथे पडायचं नाही. ओरडायचं, दगड, काठी, स्प्रे, जे हाताला लागेल त्याने नाकाडोळ्यांवर मारायचं. विदर्भात मेळघाट-चंद्रपूरकडे मोहफुलं वेचणाऱ्यांवर येणारं आपलं अस्वल हे वेगळं जनावर आहे. तिकडचे अनुभव इकडे लावू नका.

बायकांचा एक प्रश्न असतो जो सगळ्यांसमोर विचारला जात नाही, म्हणून मीच सांगते. पाळी असताना ट्रेल करता येतो. ग्रिझली त्या वासाने ओढली जातात असा पुरावा अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातही सापडलेला नाही. वापरलेलं पॅड मात्र बंद पिशवीत, सोबत परत आणायचं आणि अस्वलरोधक पेटीत टाकायचं. पुरायचं नाही.

आणि अस्वल तुम्हाला ट्रेलपेक्षा रस्त्यावर दिसण्याची शक्यता जास्त आहे. एक गाडी थांबते, तिला बघून दुसरी, पाच मिनिटांत तीस गाड्या, माणसं बाहेर, मोबाइल वर. बॅन्फशेजारच्या योहो उद्यानात नकोडा नावाची पांढरी ग्रिझली होती. रस्त्याकडेचं हिरवं खायला यायची. तिला बघायला गर्दी व्हायची, म्हणून त्या टप्प्यात गाडी थांबवायला मनाई केली होती. जून २०२४ मध्ये एका सकाळी तिची दोन्ही पिल्लं गाडीखाली गेली. त्याच दिवशी संध्याकाळी तिलाही धडक बसली आणि काही दिवसांत ती गेली. मी तिला एकदा लांबून पाहिलं होतं, चालत्या गाडीतून. तुम्हाला अस्वल दिसेल तेव्हा लेक म्हणेल, ‘थांब ना गं.’ थांबू नका. वेग कमी करा, काच बंद, बघा आणि पुढे चला. पायी असाल तर अस्वलापासून किमान १०० मीटर लांब राहायचा नियम आहे.

ट्रेलची यादी तुम्ही मागितली नव्हती, तरी तुमच्या घरासाठी सुचवते. लेक लुईसहून लेक अ‍ॅग्नेस, कायम वर्दळ, वरती चहाघर. आइसफील्ड्स पार्कवेवर पार्कर रिज, जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर, चढ आहे पण वळणावळणाचा, आणि माथ्यावरून सास्कॅचवान हिमनदी एकदम समोर येते. सासूबाईंना गुडघे साथ देत असतील तर सावकाश जमेल, माथ्यावर वारा बोचरा असतो, स्वेटर न्या. विलकॉक्स पास त्याहून थोडा मोठा, शिंगवाल्या मेंढ्या हमखास. जॅस्परला व्हॅली ऑफ द फाइव्ह लेक्स. जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावाचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला. आजूबाजूची झाडी काळी उभी आहे, लेकीला आधी सांगून ठेवा. नऊनंतर निघा, चार-पाचपर्यंत गाडीपाशी या. पहाटे आणि तिन्हीसांजेला अस्वलं जास्त फिरतात. पार्कवेवर जवळजवळ २३० किलोमीटर मोबाइलला रेंज नाही आणि पेट्रोल मधे एकाच ठिकाणी, सास्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला, तेही महाग. टाकी लेक लुईसला भरा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळालं तर घ्या.

व्हॅन परत करायच्या दिवशी गाडीत शिल्लक राहिलेले स्प्रे आठवणीने काढा. विमानतळावर ते घेणार नाहीत आणि साध्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, दाबल्यावर फुटतात. न वापरलेला, मुदतीतला डबा शेवटच्या कॅम्पग्राउंडवर नुकत्याच आलेल्या एखाद्या कुटुंबाला द्या, खीळ कशी काढायची ते दाखवून.